स्ट्रोकमधून 'बऱ्या झालेल्या' बाईंचा थकवा : एक प्रकरण

बाई ५१ वर्षांच्या. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गावर. घरी नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. मधुमेह नऊ वर्षांचा, बीपी सहा वर्षांचं. शाळेत आणि गल्लीत त्यांना सगळे बाईच म्हणतात, मीही इथं तेच म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा आणि उपचारांचा क्रम मात्र तोच आहे.

जुलैत एका सकाळी डब्यांची गडबड चालू असताना डाव्या हातातला पेला निसटला आणि पाठोपाठ पाय लुळा पडला. 'बीपी वाढलं असेल' म्हणून गोळी देऊन थोडा वेळ निजवलं. सांगलीला पोहोचेपर्यंत सात तास उलटले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ निघून गेली. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, आत खोलवर छोटा इन्फार्क्ट दिसला, म्हणजे गुठळीनं रक्त अडून मेंदूचा तेवढा भाग मेला होता. स्ट्रोक, म्हणजे पक्षाघात, तो हाच. नशिबानं भाषा आणि गिळणं शाबूत होतं. फिजिओथेरपी नेमानं झाली, तिसऱ्या महिन्यात बाई काठीशिवाय चालू लागल्या, वेणी स्वतः घालू लागल्या. डिस्चार्जनंतरच्या फाइलमध्ये 'चांगली सुधारणा' असा शेरा आहे आणि तो खोटा नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्या शाळेत रुजू झाल्या.

पाचव्या महिन्यात त्या माझ्याकडे आल्या त्या हातासाठी. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी. नवरा म्हणाला, "मॅडम, हात अजून थोडा मोकळा झाला की झालं." मी पकड तपासली, बटणं लावून पाहिली, नाणी उचलायला दिली. हात थोडा संथ होता, पण कामाचा होता. मग बाई बोलल्या. "हाताचं राहू द्या मॅडम. दुपारी दोन वाजले की माझ्यात काही उरतच नाही. पोरं समोर बसलेली असतात, फळ्यावर काय लिहायचं ते कळतं, पण हात वर करवत नाही. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायलाही जीव राहत नाही." घरी येऊन त्या थेट पलंगावर पडायच्या. सासूबाईंच्या मते हे लाड होते. नवऱ्याला वाटायचं, मनानं खचली आहे. मुख्याध्यापकांना वाटायचं, अजून आजारी आहेत तर रजा का वाढवत नाहीत. बाईंना स्वतःला काय वाटायचं, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांना वाटायचं, स्ट्रोकचा दुसरा अटॅक येतोय.

स्ट्रोकनंतरचा थकवा हे स्वतंत्र लक्षण आहे. वेगवेगळ्या पाहण्यांमधले आकडे खूप खाली-वर होतात, पण साधारण निम्म्या रुग्णांना तो होतो असं धरायला हरकत नाही. स्ट्रोक केवढा मोठा होता यावर तो ठरत नाही. हातपाय पूर्ण सुटलेल्या माणसालाही तो गाठतो, आणि काही तासांत ओसरलेल्या मिनी-स्ट्रोकनंतरही दिसतो. त्याची खूण अशी की केलेल्या कामाशी त्याचं माप जुळत नाही, आणि झोप काढून तो पुरता जात नाही. २०१५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अन्नपूर्णा कुप्पुस्वामी आणि सहकाऱ्यांनी असा थकवा असलेल्या, पण लुळेपणा फारसा न उरलेल्या रुग्णांचा मेंदू चुंबकीय उद्दीपनानं तपासला. हालचालीचा आदेश देणारा भाग थकलेल्यांमध्ये जागा व्हायलाच जास्त जोर मागत होता. म्हणजे स्नायूंत ताकद असते, पण तीच हालचाल आतून जास्त कष्टाची वाटते. बाईंना आणि सासूबाईंना मी हे एकत्र बसवून सांगितलं. बाई रडल्या. आपण ढोंग करत नाही, हे त्यांना पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

मात्र 'मेंदूमुळे होतंय' म्हणून तिथंच थांबणं मला मान्य नाही. थकव्यात मेंदूचा वाटा किती आणि बाकी शरीराचा किती, हे बघायला दोन-तीन रक्ताच्या तपासण्या आणि अर्ध्या तासाचं नीट बोलणं लागतं. स्ट्रोकच्या रुग्णाला तेवढंही मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मोजमाप म्हणून फटीग सिव्हिरिटी स्केल वापरली. नऊ वाक्यं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, सरासरी ४ किंवा वर गेली की थकवा दखल घेण्याजोगा. बाईंची सरासरी ६.१ आली. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत २७ पैकी ७, आणि त्यातले बरेचसे गुण झोप आणि शक्ती या दोनच प्रश्नांतून आलेले. नैराश्य आणि थकवा हातात हात घालून येऊ शकतात, पण इथं बाईंना हवं ते सगळं होतं. पोरांचं वाचन घ्यायचं होतं, बहिणीकडे कोल्हापूरला जायचं होतं, दारात तुळस लावायची होती. इच्छा शाबूत, अंगात बळ नाही. नैराश्यात बहुतेकदा इच्छेपासूनच ओहोटी लागते.

तपासातून जे निघालं

हिमोग्लोबिन ९.२, म्हणजे बरंच कमी. यामागचं कारण फाइलमध्ये कुठंच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. नवरा बाहेर गेल्यावर बाईंनी सांगितलं की पाळी जायच्या वयात ती उलट वाढली आहे आणि स्ट्रोकनंतर तर आठ-आठ दिवस जाते. स्ट्रोकनंतर रक्त पातळ ठेवायला दिलेल्या गोळीनं पाळीतला रक्तस्राव वाढू शकतो. पन्नाशीच्या आसपासच्या प्रत्येक स्त्री रुग्णाला हा प्रश्न विचारायलाच हवा. पुढं कळलेली गोष्ट जास्त काळजीची होती. गौरी-गणपतीत पाळी पुढं ढकलायला त्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या, तेही स्ट्रोक होऊन दोन महिने झालेले असताना. या हार्मोनच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढू शकतो. पाळीतला रक्तस्राव कमी करायला सर्रास देतात त्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळीचंही तेच. स्ट्रोक होऊन गेलेल्या बाईनं यातली एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी तर स्वतःच्या मनानं मुळीच बंद करू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, उपचार सुरू झाले, सोबत लोहाच्या गोळ्या.

बी-१२ खूप कमी. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते उतरतं, आणि बाई शुद्ध शाकाहारी. थायरॉइड, सोडियम, क्रिएटिनिन ठीक.

रात्रीची क्लोनाझेपाम. हॉस्पिटलात पहिल्या आठवड्यात झोप येईना म्हणून सुरू झालेली गोळी पाच महिने चालूच राहिली होती. चिठ्ठी पुढं चालू ठेवताना एकेक गोळी कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. ही गोळी दुसऱ्या दिवशीही सुस्ती ठेवते. अचानक तोडली तर त्रास होतो, म्हणून फिजिशियननी ती सहा आठवड्यांत पायरीपायरीनं उतरवली. बीपीसाठी मेटोप्रोलॉल होती, तीही काहींना गळून गेल्यासारखं करते. हृदयाचं दुखणं नसल्यानं त्यांनी ती हळूहळू कमी करत दुसऱ्या गटातली गोळी दिली.

आणि झोप. "आठ-आठ तास झोपते की," असं नवरा तक्रारीच्या सुरात म्हणाला होता. मी विचारलं, घोरतात का? तो हसला. "शेजारच्यांना विचारा." मधेच श्वास अडकल्यासारखा थांबतो का? हसू मावळलं. "हो, मग एकदम दचकल्यागत श्वास घेते." घरी लावायच्या यंत्रानं झोपेची तपासणी केली. तासाला सरासरी २४ वेळा श्वास थांबत किंवा मंदावत होता. १५ ते ३० म्हणजे मध्यम स्वरूपाचा स्लीप ॲप्निया. स्ट्रोक झालेल्यांत तो निम्म्याहून जास्त जणांना असतो, तरी त्याची चौकशी क्वचितच होते. अशी आठ तासांची झोप अंगाला लागत नाही. सीपॅप मशीन सुरू झालं. ते झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. पहिले दोन आठवडे बाईंनी मास्क रोज रात्री काढून फेकला. नाकावर बसणारा छोटा मास्क बदलून घेतला आणि दुपारी टीव्ही बघताना तो लावून बसायची सवय केली, तेव्हा कुठं रात्री चार-पाच तास टिकायला लागला.

आमच्याकडे येण्याआधी त्यांनी गावात तीनदा 'शक्तीचं सलाईन' लावून घेतलं होतं. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. मधुमेहाच्या बाईच्या शिरेत ती सोडायची आणि वर पैसे घ्यायचे, याला मी उपचार म्हणणार नाही.

हे सगळं एकाच वेळी बदललं नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी एक बदल, म्हणजे कशानं काय झालं ते कळतं. तिसऱ्या महिन्याअखेर थकव्याची सरासरी ५.२ वर आली. सकाळी उठल्यावर डोकं हलकं वाटू लागलं. पण दुपारचं गळून जाणं पुरतं गेलं नाही, आणि जे उरलं ते बहुधा स्ट्रोकचंच होतं.

वही

पहिल्याच भेटीत बाईंना शंभर पानी वही दिली होती. वेळ, काम, कामाआधी थकवा दहापैकी किती, नंतर किती. शिक्षिका असल्यानं त्यांनी रकाने पट्टीनं आखले. दोन आठवड्यांनी वही उघडली तेव्हा त्या स्वतःच चकित झाल्या होत्या. बसस्टॉपपर्यंतच्या चालण्यानं थकवा ३ वरून ४ वर जायचा. मधल्या सुट्टीत पोषण आहाराची पंगत, पोरांचा गलका, त्यातच मोबाइलवर आहाराची ऑनलाइन नोंद आणि शेजारी दोन शिक्षकांचं बोलणं, या पाऊण तासात तो ४ वरून ८ वर जायचा. संध्याकाळी तब्येत विचारायला येणाऱ्या पाहुण्यांपुढं बसणं स्वयंपाकाहून महाग पडत होतं. नको असलेले आवाज मागं सारायचं आणि दोन गोष्टींकडे एकदम लक्ष द्यायचं काम स्ट्रोकनंतरच्या मेंदूला जड जातं. घरच्यांनी तोवर पायांची काळजी घेतली होती, कानांची कुणी घेतली नव्हती.

वहीतली दुसरी गोष्ट मला अपेक्षित होती. मार्चमध्ये एका रविवारी थकवा फक्त २. 'आज बरं वाटतंय' म्हणून बाईंनी गव्हाच्या कुरडया घातल्या, माळ्यावरचे डबे काढून पुसले, संध्याकाळी देवळात जाऊन आल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार रकान्यात ९, ९, ८, आणि पुढं 'काही नाही' एवढंच. बऱ्या दिवशी सगळं उरकायचं आणि मग तीन दिवस पडून राहायचं, या फेऱ्यात एकूण काम कमीच होतं, आणि आपण कधीच नीट होणार नाही ही भीती मात्र वाढत जाते.

मी त्यांना म्हटलं, बाई, पगार एक तारखेला येतो म्हणून दोन तारखेला संपवता का? शक्तीचंही तसंच, रोजच्या वाट्याला जेवढी येते तेवढ्यात दिवस बसवायचा. त्यांना हा हिशेब लगेच पटला, आणि पुढचं आखणं त्यांनीच पुष्कळसं केलं.

दिवस बसवताना

थकण्याआधी विश्रांती, हा पहिला नियम. घड्याळाप्रमाणे, बरं वाटत असलं तरी. सकाळची कामं आटोपल्यावर १५ मिनिटं, मधल्या सुट्टीत २० मिनिटं, शाळेतून आल्यावर अर्धा तास. आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, मोबाइल दुसऱ्या खोलीत. शाळेत जागा कुठली? पुस्तकांच्या कपाटांची खोली मुख्याध्यापकांनी उघडून दिली, एक चटई ठेवली. घरी अडचण सासूबाईंची होती. तिन्हीसांजेच्या तोंडावर घरच्या बाईनं पडून राहणं त्यांना रुचत नव्हतं. मी वाद घातला नाही. त्यांना वही वाचून दाखवली. विश्रांती घेतलेल्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक बाईंनी केला होता, न घेतलेल्या दिवशी मुलानं खिचडी लावली होती. "मग निजू दे तिला," म्हातारी म्हणाली, आणि पुढं पाहुण्यांना दारातूनच परतवायचं काम तिनंच अंगावर घेतलं. या घराला मिळालेली सगळ्यात मोठी मदत हीच होती असं मी मानते.

दुसरा नियम, जड कामाला जड काम जोडायचं नाही. पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं. पाणी भरणं, आंघोळ, कणीक, चपात्या, डबे हे सगळं सलग व्हायचं आणि साडेआठलाच बाईंचा अर्धा दिवस संपायचा. पाणी नवऱ्यानं घेतलं. कणीक रात्री मुलगा मळून फ्रीजमध्ये ठेवतो. चपात्या टेबलाशी बसून लाटायच्या, भाजी आदल्या रात्री चिरलेली. आंघोळ स्टुलावर बसून, फार कढत पाण्यानं नाही, आणि शाळेच्या दिवशी केस धुवायचे नाहीत. भाकरी थापायला दोन्ही हात आणि उभं राहणं लागतं, ती रविवारवर गेली. संकष्टीचा उपवास थांबवला. साखरेच्या गोळ्यांवर असताना दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाणा खाल्ला की दुसरा दिवस वाया जातो, हे वहीतच दिसत होतं.

व्यायाम मात्र काढून घेतला नाही. थकलेल्या माणसाला 'आराम करा' सांगून सोडलं तर अंगातली उरलीसुरली ताकदही जाते आणि थकवा वाढतो. नेदरलँड्समध्ये ८३ रुग्णांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवडे विचार-वर्तन उपचार, म्हणजे विचारांची आणि वागण्याची घडी बदलायला शिकवणारं समुपदेशन, दिले होते. निम्म्या लोकांना त्यासोबत पायरीपायरीनं वाढवलेला व्यायामही दिला, आणि जोडीनं दिलेल्या गटाला जास्त फायदा झाला. आम्ही सुरुवात वाईटातल्या वाईट दिवशीही जमेल एवढ्यानं केली. सहा मिनिटं चालणं, सकाळ-संध्याकाळ, आणि खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं. आठवड्याला एक मिनिट वाढ. बरं वाटलं तरी जास्त नाही, वाईट वाटलं तरी शून्य नाही. एप्रिल-मेच्या उन्हात वाढ थांबवली, चालणं सूर्य वर यायच्या आत. उष्म्यानं हा थकवा बळावतो.

औषधाचा प्रश्न मुलानं काढला. त्यानं मोडाफिनिल या जागं ठेवणाऱ्या गोळीबद्दल वाचलं होतं. या गोळीनं थकवा कमी झाल्याचं दाखवणारा २०१७ मधला ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आहे, पण तो ३६ रुग्णांवरचा. तेवढ्यावर सर्वांना द्यावं असं औषध ठरत नाही, आणि या गोळीनं बीपी वाढू शकतं. ज्यांचा स्ट्रोकच बीपीच्या वाटेनं आला त्या बाईंसाठी फिजिशियननी नको म्हटलं, मलाही ते पटलं. स्ट्रोकनंतरच्या थकव्यावर आज तरी खात्रीचं असं औषध नाही. टॉनिकं तर नाहीतच.

शाळा

बाईंना स्वेच्छानिवृत्ती घ्या असं दोन नातेवाइकांनी सुचवलं होतं. मला ते घाईचं वाटलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. बाईंच्या बाबतीत तिथवर जायची वेळ आली नाही, पण कायदा माहीत असला की अर्ज लिहिताना हात थरथरत नाही. मुख्याध्यापकांना मी एक पानाचं पत्र दिलं. त्यात 'अशक्तपणा आहे' असं मोघम न लिहिता वहीतले आकडे दिले आणि तीनच गोष्टी मागितल्या. गणित आणि मराठी मधल्या सुट्टीआधी, चित्रकला, सुलेखन आणि कार्यानुभव नंतर. पोषण आहाराची ऑनलाइन नोंद दुसऱ्या शिक्षकाकडे, बदल्यात त्यांच्या वर्गाच्या वह्या बाई तपासतील. आणि सुट्टीतली ती २० मिनिटं. सरांनी तिन्ही मान्य केल्या, एक रुपयाही खर्च न होता. पहिल्या महिन्यात दर बुधवारी बाई अर्धी नैमित्तिक रजा घेत, त्यामुळे आठवडा मधोमध मोडायचा. पुढं ती लागली नाही.

सगळं सरळ झालं नाही. मे महिन्यात भाच्याचं लग्न होतं. हळद, लग्न, वरात, स्पीकर. आम्ही आधीच ठरवलं होतं की हळदीला जायचं नाही, लग्नाला अक्षता पडल्या की तासाभरात निघायचं. बाई दोन्ही दिवस थांबल्या. मावशीच नसेल तर लग्न कसलं, असं म्हणाल्या, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पुढचे चार दिवस गेले, पण या वेळी त्यांनी ते आधीच मोकळे ठेवले होते आणि दुसरा अटॅक आला असं कुणाला वाटलं नाही. जुलैत मात्र एकदा थकवा एकाएकी वाढला, सोबत लघवीला जळजळ आणि बारीक ताप. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. नेहमीच्या थकव्याची घडण माहीत झालेली असली की वेगळं काही घडतंय हे लवकर ओळखू येतं. घरात भिंतीवर एक कागद लावलेला आहे: तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची शक्ती जाणं, छातीत दुखणं, दम लागणं, काळी शौचास होणं यातलं काहीही थकव्यासोबत दिसलं तर वही बाजूला ठेवायची आणि १०८ ला फोन करायचा.

स्ट्रोकला आता चौदा महिने झाले. हिमोग्लोबिन ११.८, बी-१२ नीट, सीपॅप रात्री साधारण पाच तास. थकव्याची सरासरी ४.२, म्हणजे रेषेच्या अजूनही वरच. बाई पूर्ण वेळ शाळा करतात. दुपारी तीननंतर त्या कुणाशी महत्त्वाचं बोलत नाहीत, पालकांना सकाळीच बोलावतात. बहिणीकडे कोल्हापूरला जाऊन आल्या, मधे एक मुक्काम वाढवून. पापड-कुरडया यंदा विकत आणल्या. गेल्या आठवड्यात निवडणूक प्रशिक्षणाचा आदेश आला आहे. मतदान केंद्रावरचा सलग दिवस, आदल्या रात्रीचा मुक्काम आणि यंत्रं जमा करेपर्यंतची रांग त्यांना झेपणार नाही, असं मी आणि फिजिशियननी दोघांनीही लिहून दिलं आहे. अर्ज तहसील कार्यालयात दाखल केला, पोच घेतली, उत्तर अजून यायचं आहे.